जुन्या शिडाच्या बोटीत एलईडी दिव्यांचं वायरिंग : कामाच्या नोंदी

बोट फायबरची, २२ फुटी, मूळची शिडाची. डोलकाठी जागेवर आहे, शीड कधीचंच गेलं. आता मागे ९.९ एचपीचं इंजिन लावून चालते. ठिकाण गोसीखुर्दचं बॅकवॉटर, पवनी तालुका. पिंजऱ्यांतल्या मासळीच्या राखणीला रात्री दोन माणसं केबिनमध्ये मुक्कामाला असतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट ट्रॉलीवर काठाला येते आणि मृगात परत पाण्यात जाते, म्हणून वायरिंग त्या मधल्या काळातच करायचं. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा आणि बाजूचे लाल-हिरवे दिवे या कामात धरलेले नाहीत.

२८ मार्च

जुनं वायरिंग तपासलं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. पुढच्या होल्डरमध्ये मीटर लावला तर तिथेही १२.६. याच आकड्यावर विसंबून मागच्या वर्षी तार चांगली आहे असं ठरवलं होतं आणि नुसते बल्ब बदलले होते. तेही मिणमिणतेच लागले. तारेत करंट वाहत नसेल तर मीटर पूर्ण व्होल्टेजच दाखवणार, मग मधला जोड कितीही सडलेला असो.

ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेऊन त्याला दोन तारा जोडल्या, तो होल्डरवर लावून पेटवला आणि मग मोजलं : ९.८ व्होल्ट. म्हणजे वाटेत २.८ व्होल्ट मुरतात. कुठे ते शोधायला मीटरची एक दांडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी होल्डरच्या मायनसवर, बल्ब पेटलेलाच. तिथेच १.९ निघाले. प्लसच्या तारेत ०.७ आणि स्विचमध्ये ०.२.

मायनसच्या बाजूचं कारण उघडल्यावर दिसलं. आधी ज्याने काम केलं त्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. ट्रॅक्टरला मायनस चासीवर मारतात आणि एकच तार ओढतात. इथे चासीच नाही, फायबर आहे. म्हणून त्याने डोलकाठीच्या बुडाची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चासी समजून वापरली आणि सगळे मायनस तिच्या एका बोल्टवर आणले. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र, वर डोलकाठीच्या बुडातून झिरपणारं पावसाचं पाणी. बोल्टखाली पांढरी भुकटी साचली होती. फायबरच्या बोटीत प्रत्येक दिव्याला दोन तारा, दोन्ही पार फ्यूजच्या पेटीपर्यंत. यात सूट नाही.

३० मार्च

जुनी तार काढली. टोकाचं वेष्टण सोललं तर तांबं काळं. पुढे सोलत गेलो तर ४० सेंटिमीटर आतपर्यंत काळंच. पाणी वेष्टणाच्या आतून बारीक तारांच्या मधून चढत जातं, त्यामुळे टोक कापून नवा जोड मारण्यात काही अर्थ नसतो. सगळीच तार बाद.

इथे एक चूक झाली. छताच्या आतल्या अस्तरामागून जाणाऱ्या दोन तारा तशाच ओढून काढल्या. त्यांच्या शेपटीला आधी जाळ्याची नायलॉन सुतळी बांधायला हवी होती, म्हणजे तार बाहेर येताना सुतळी आत गेली असती आणि तिच्यावरून नवी तार ओढता आली असती. बाकीच्या पाच तारांना बांधली. त्या दोन मार्गांचा दंड पुढे १९ एप्रिलला भरला.

२ एप्रिल

आखणी. एकूण आठ दिवे. पुढच्या झोपायच्या जागेत २, मधल्या केबिनमध्ये ४, मागच्या दाराशी एक लाल, बाहेर बसायच्या जागेत एक पिवळा. लाल दिवा १ वॅटचा, बाकी ३ वॅटचे. सगळे एकदम लावले तर २२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम १.८ अँपिअर. लाल दिव्याची हौस म्हणून भर नाही. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. पांढऱ्या दिव्यातून उठून बाहेर पिंजऱ्यांकडे पाहिलं तर सुरुवातीला काही दिसत नाही. लाल उजेडात तो सराव फारसा मोडत नाही.

चार सर्किट केले : पुढचं, मधलं डावं, मधलं उजवं, आणि मागचं-बाहेरचं. एक फ्यूज गेला तरी केबिन पूर्ण अंधारात जाऊ नये म्हणून मधले दोन वेगळे.

तारेचा हिशेब. १.५ चौ.मिमी.च्या बारीक पदरी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम. सगळ्यात लांबचा दिवा पेटीपासून ७.५ मीटर, जाऊन-येऊन १५ मीटर, म्हणजे ०.२ ओहम. त्या सर्किटवर ६ वॅट, अर्धा अँपिअर. घट ०.१ व्होल्ट. आठही दिवे एकाच तारेवर टाकले असते तरी ०.४ च्या आत राहिली असती. केबिनच्या दिव्यांना १० टक्के घट चालते असं बोटींचे नियम सांगतात, आपण एका टक्क्याच्या आत आहोत. हिशेबाने ०.७५ चीही तार पुरते. पण बारीक तार थिंबलमध्ये (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत) नीट धरत नाही आणि ओढताना तुटते, म्हणून १.५.

लांबी सुतळीने मोजली : ३१ मीटर. ४० मागवली, लागली ३८.५. अस्तरामागची वळणं, पेटीतला हात आणि प्रत्येक दिव्याशी ठेवायचा १५ सेंटिमीटरचा झोल सुतळीत येत नाही. सुतळीच्या मापावर चौथा हिस्सा वाढवून धरा.

६ एप्रिल

खरेदी. बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार हवी. पवनी, भंडाऱ्यात कोणी ठेवत नाही आणि नागपुरात बर्डीवर विचारलं तर घरगुती वायरचंच बंडल पुढे येतं. पण एक गोष्ट आता तालुक्याला मिळते, ती म्हणजे सौर पंपाची डीसी केबल. चांगल्या केबलमध्ये तार बारीक पदरी, मुलामा दिलेली, वर दुहेरी वेष्टण, उन्हात न तडकणारं. ४ चौ.मिमी.ची ८ मीटर घेतली, मीटरला ५५ रुपये. बॅटरी ते पेटी एवढ्यासाठीच. दिव्यांपर्यंत ती नेता येत नाही, कारण बाहेरून जवळपास ६ मिमी. जाड भरते आणि अस्तरामागच्या फटीत दोन तारा बसत नाहीत.

घेताना एक पदर ब्लेडने खरवडून पाहा. वर चंदेरी आणि आत लाल निघालं तर तांबं. आतही चंदेरीच निघालं तर अ‍ॅल्युमिनियम. पहिल्या दुकानातलं बंडल तसंच निघालं.

दिव्यांसाठी १.५ ची मुलाम्याची दुपदरी तार मुंबईहून मागवली, मीटरला ७० रुपये, यायला ९ दिवस. धरणाचं पाणी गोडं आहे, त्यामुळे साधी तांब्याची तारही इथे काही वर्षं काढेल, फक्त प्रत्येक टोक बंद करावं लागेल. पैसे कमी पडत असतील तर तार साधी घ्या, पण जोडांवर काटकसर करू नका.

११ एप्रिल

तार येईपर्यंत दिव्यांची चाचणी. आधी एलईडीची पट्टी आणली होती, ५ मीटर, ६४० रुपयांची. स्वस्त, लावायला सोपी, गाड्यांमध्ये सगळे लावतात. ती बाद केली, कारण इथे.

पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असा गट असतो. १२ व्होल्टला तीन एलईडी सुमारे ९.३ घेतात, उरलेले २.७ रेझिस्टरवर. सोलरवर बॅटरी भरत असते तेव्हा तारेत १४.४ व्होल्ट येतात. एलईडी तेवढेच घेतात, रेझिस्टरवर मात्र ५.१. म्हणजे करंट जवळपास दुप्पट. मोजून पाहिलं : एक मीटर पट्टी १२ व्होल्टला ०.४० अँपिअर, १४.४ ला ०.७०. त्यात बंद केबिनमधली एप्रिलची दुपार. तिसऱ्या दिवशी पट्टीचा गोंद सुटला आणि ती छतावरून लोंबायला लागली. पहिल्या फुटातले एलईडी पिवळट पडले.

मग ड्रायव्हरवाले, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट आत असलेले, गोल दिवे घेतले, १० ते ३० व्होल्ट लिहिलेले, पांढरे ते ३००० केल्विनचे. २२० रुपयाला एक. लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, व्होल्टेज बदलून करंट मोजायचा. ११ व्होल्टला ०.२९ अँपिअर, १४.४ ला ०.२२. व्होल्टेज चढलं की करंट उतरतो आणि वॅट तेवढेच राहतात, म्हणजे आत खरा ड्रायव्हर आहे. करंट वाढत गेला तर आत नुसता रेझिस्टर.

सोलर होमलाइटचे १२ व्होल्टचे बल्बही मिळतात, पण त्यांची टोपी घरच्या बल्बसारखीच असते. बोटीवरचा बल्ब कोणीतरी घरी नेऊन २३० वर लावणार, किंवा घरचा इथे आणून बोटीचं वायरिंग बिघडलं म्हणणार. घेतले नाहीत.

१९ एप्रिल

तार ओढायचा दिवस. सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ नंतर. दुपारी केबिनमध्ये हात ठेववत नाही.

सुतळी असलेले पाच मार्ग दीड तासात झाले. तारेला टाल्कम पावडर लावली. ग्रीस किंवा तेल लावू नका, वेष्टण फुगतं आणि त्यावर धूळ बसते. बिनसुतळीचे दोन मार्ग मात्र पाच तास खाऊन गेले. इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग अस्तर आणि डेकच्या मधल्या आडव्या पट्टीला अडकत होती. शेवटी मधल्या लाकडी पार्टिशनला नवं भोक पाडायचं ठरलं.

भोक १० मिमी.चं. ड्रिलच्या पात्यावर १५ मिमी.ला टेप गुंडाळून खूण केली होती. उन्हाने टेपचा गोंद पातळ झाला, टेप वर सरकली, कोणाच्या लक्षात आलं नाही आणि पातं डेकमधून बाहेर आलं. वरून उजेड दिसला तेव्हा कळलं. टेपऐवजी पात्यावर बाहेरून लाकडाचा तुकडा किंवा नळीचा तुकडा चढवायचा, तो सरकत नाही.

भोकातून निघालेला भुसा पाहिला. डेकच्या दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड आहे, तो कोरडा आणि पिवळट होता. काळा आणि ओलसर निघाला असता तर आतून डेक कुजलाय असं समजून दिव्यांचं काम तिथेच थांबवावं लागलं असतं.

पार्टिशनच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी कडी). इंजिनाच्या हादऱ्याने तार लाकडाच्या कडेवर घासते आणि दोन मोसमांत वेष्टण कापलं जातं. उघड्या जागी दर ४५ सेंटिमीटरला पट्टी.

२३ एप्रिल

डेकचं भोक बुजवलं. पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट घरात होती, तीच वापरली. पॉलिएस्टर जुन्या फायबरवर नीट धरत नाही, त्यामुळे कडेला दोन इंचांपर्यंत घासून खरखरीत करावं लागलं. इपॉक्सी असतं तर ते आधी वापरलं असतं.

हार्डनर सवयीने २ टक्के टाकला आणि सकाळी ११ वाजता काम घेतलं. वाटीतच चार मिनिटांत गोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला, १ टक्का, कामाला पुरेसा वेळ मिळाला. फायबर घासताना तोंडाला फडकं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस अंग खाजत राहतं.

२७ एप्रिल

उंदरांनी पुढच्या सर्किटची ४० सेंटिमीटर तार कुरतडली. बोट पाण्यात असली की हा प्रश्न नसतो, काठावर ट्रॉलीवर असली की असतो. ट्रॉलीच्या दांड्यावरून चढतात. तार बदलली, सुदैवाने झोल होता. आत जायच्या भोकांत भांडी घासायची स्टीलची जाळी कोंबली. साधी लोखंडी घेऊ नका, ती गंजून डेकवर डाग पाडते. ट्रॉलीच्या दांड्याला उभा पत्रा बांधला.

त्याच वेळी दिसलं की केबिनच्या हवेच्या नळीत आणि तार बाहेर निघणाऱ्या पाइपच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. पाइप बुजला की आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला.

२ मे

जोड. पूर्ण कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिले २२ थिंबल साध्या पक्कडीने दाबले. हाताने झटका दिला तर ७ निघून आले. पक्कड थिंबल चपटं करते, तार आत सुटीच राहते. ९५० रुपयांची रॅचेटवाली क्रिम्पिंग पक्कड आणली, ती पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही. २२ च्या २२ कापून पुन्हा केले. मग प्रत्येक जोडाला ५ किलोचं माप टांगून एक मिनिट ठेवलं. एकही निघाला नाही.

सोल्डर का नाही, असं मदतीला आलेल्या दोघांनी विचारलं. सोल्डर तारेत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे तार कडक-मऊ अशी होते. हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. शिवाय इथे मिळणारी सोल्डरिंग पेस्ट पुसली नाही तर तांबं खाते.

क्रिम्पवर, म्हणजे दाबलेल्या जोडावर, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), आतून गोंद असलेली. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची कड बाहेर दिसली पाहिजे. बिनगोंदाची स्लीव्ह पाव किमतीत मिळते आणि दिसायला सारखीच असते. शेवटच्या तीन जोडांना गोंदवाली संपली म्हणून ती लावली. पुढे १२ जुलै पाहा. काळी इन्सुलेशन टेप कुठेच नाही, विदर्भाच्या मे महिन्यात तिचा चिकट चिखल होतो.

९ मे

पेटी आणि बॅटरी. सहा फ्यूजची पेटी, मधल्या केबिनमध्ये छातीच्या उंचीला. दोन जागा मोकळ्या ठेवल्या. तारा पेटीत खालून येतात, आधी खाली झोका घेऊन मग वर चढतात, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं. ग्लँडचं (तार पेटीत घट्ट धरणाऱ्या बुचाचं) तोंड खालीच.

प्रत्येक सर्किटला ३ अँपिअरचा फ्यूज, जांभळ्या रंगाचा. तारेला १० सुद्धा चालला असता, पण दिव्यात शॉर्ट झाला तर दिव्याच्या केसासारख्या तारा आधी जळतील. बॅटरीच्या प्लसवर १५ चा मुख्य फ्यूज, टर्मिनलपासून एक वीत अंतराच्या आत. त्या विताच्या तुकड्याला कुठलंच संरक्षण नसतं, म्हणून तो जितका छोटा तितका बरा.

बॅटरी १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-अवर, बंद प्रकारची, ४६०० रुपये. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर स्वस्तात मिळत होती, पण तिच्यात पातळ अ‍ॅसिड असतं आणि बोट हेलकावते. रात्रीचा खर्च ५ अँपिअर-अवर धरला आणि निम्मीच बॅटरी वापरायची ठरवली, तर ऊन नसताना चार रात्री निघतात. झडीच्या दिवसांत तेवढं लागतंच. सोलरचं पॅनेल ७५ वॅटचं आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं भरणं-उतरणं सांभाळणारी डबी) आधीचेच.

१४ मे

कंट्रोलरवर दोन दिवस गेले. बॅटरी उतरली की त्याने दिवे बंद करायला हवेत. फॅक्टरीतून तो १०.७ व्होल्टवर लावलेला असतो, ते फार खाली आहे, ११.८ केलं. रात्रभर दिवे लावून ठेवले. सकाळी बॅटरी ११.४ आणि दिवे लख्ख सुरू.

कंट्रोलर खराब समजून बदलायच्या बेतात होतो. दोष आमच्या जोडणीत होता. असे स्वस्त कंट्रोलर प्लस तोडत नाहीत, मायनस तोडतात. आत पॅनेल, बॅटरी आणि लोड (म्हणजे दिवे) असे तिन्ही प्लस एकच असतात. आम्ही दिव्यांचे सगळे मायनस नीटनेटके बॅटरीच्या मायनस पट्टीवर आणले होते, त्यामुळे कंट्रोलरने मायनस तोडला तरी करंट पट्टीवरून घरी जातच होता. दिव्यांच्या मायनसची पट्टी वेगळी केली, ती फक्त कंट्रोलरच्या लोडच्या मायनसला जोडली, बॅटरीच्या मायनसशी संबंध ठेवला नाही. आता ११.८ ला बंद होतात.

आपला कंट्रोलर कुठला हे पाहायला : काहीही न जोडता मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, बॅटरीचा प्लस आणि लोडचा प्लस यांमध्ये बीप वाजला तर तो मायनस तोडणारा.

बुडातलं पाणी उपसायचा पंप मात्र थेट बॅटरीवर, त्याच्या स्वतःच्या ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. बॅटरी उतरली म्हणून कंट्रोलरने पंप बंद केला तर बोट भरेल.

१८ मे

दिवे लावले. एक जळाला, तार उलटी जोडली म्हणून. दुपदरी तारेत लाल आणि पिवळा असे दोन पदर आहेत. बोटींच्या पद्धतीत पिवळा म्हणजे मायनस. मदतनीसाने घरच्या सवयीने पिवळा फेज धरला. नंतर प्लसच्या प्रत्येक टोकाला लाल स्लीव्हचा तुकडा घातला.

रेडिओवर मीडियम वेव्हला दिवे लावले की खरखर येते. ड्रायव्हरचा आवाज आहे. दोन्ही पदर एकमेकांना पिळून नेले की कमी होतो. पेटीजवळ तार फेराइटच्या कड्यातून तीन वेढे देऊन घेतली, आणखी कमी झाला. पूर्ण गेला नाही, तेवढ्यावर सोडून दिलं.

२५ मे

नवतपा लागला. दुपारी २ ला बंद केबिनमध्ये ५८ अंश. दिवे दोन तास लावून ठेवले, सगळे टिकले. छताला चिकटवलेले दोन सुटले, त्यांना स्क्रू मारले. गोंदावर दिवा टांगायचा नाही हे पट्टीवरूनच कळायला हवं होतं.

बॅटरी खालच्या कप्प्यात सावलीत सरकवली. उष्णतेत चार्जिंगचं व्होल्टेजही उतरवावं लागतं, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट. कप्प्यात ४५ धरलं तर जवळपास अर्धा व्होल्ट. १४.४ चं १३.९ केलं. थंडीत परत चढवायचं.

६ जून

बोट पाण्यात. २१ वॅटचा तोच बल्ब पुढच्या दिव्याच्या जागी लावून मोजलं : बॅटरी १२.६, तिथे १२.२. मार्चमध्ये ९.८ होतं.

खर्च : बॅटरी ४६००, तार ३२४०, दिवे जळालेला धरून ९ चे १९८०, पेटी-फ्यूज-पट्ट्या-स्विच १३७०, थिंबल-स्लीव्ह-ग्लँड ११४०, क्रिम्पिंग पक्कड ९५०, रेझिन-मॅट ६५०, वाया गेलेली एलईडीची पट्टी ६४०. एकूण १४,५७० रुपये. नागपूरच्या दोन फेऱ्या वेगळ्या. प्रत्यक्ष काम ११ दिवस, त्यातले साडेतीन चुका दुरुस्त करण्यात.

१२ जुलै

पुढचे दोन दिवे लुकलुकतात. बल्ब लावून मोजलं, एकाच जोडावर ०.९ व्होल्ट पडतात. बिनगोंदाची स्लीव्ह लावलेल्या तिघांपैकी एक. आत हिरवं. डोलकाठीच्या बुडातून आलेलं पाणी तारेवरून थेट तिथे पोचत होतं. दहा सेंटिमीटर कापून तिन्ही जोड नव्याने केले. डोलकाठीच्या बुडाला सिलिकॉन भरलं. ते ओल्यात धरत नाही, उघडीप मिळाली तेव्हाच.

२० सप्टेंबर

रात्रीचा खर्च ४.५ अँपिअर-अवर येतो. झडीत सलग तीन दिवस ऊन नव्हतं, बॅटरी १२.२ च्या खाली गेली नाही.

काठावरच्या बांध्यांत धान गर्भावर आहे आणि तुडतुडे दिव्यावर येतात. बाहेरच्या पिवळ्या दिव्यावर बरेच कमी. केबिनच्या आतल्या पांढऱ्या दिव्यांवर दारातून आत घुसतात, म्हणून रात्री ८ ते १० दाराशी फक्त लाल दिवा. दिव्यांच्या काचेआड मेलेले तुडतुडे साचून उजेड घटला होता, सहा दिवे उघडून ब्रशने झाडले. मागच्या स्विचमध्ये लाल मुंग्या निघाल्या. स्विच बदलला आणि तार आत जाते ते भोक सिलिकॉनने बंद केलं. जुन्या स्विचचे संपर्क कानसून पाहिले, ते वाचण्यासारखे नव्हते.

पेटीच्या झाकणाआत जांभळे फ्यूज ४, १५ चा एक, गोंदाच्या स्लीव्हचा एक फूट आणि तो २१ वॅटचा बल्ब ठेवलाय.